मागच्या बाकाचा पुरावा

“परिच्छेद सातवा,” शालोमकाका म्हणाले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, खिडकीतून समोरच्या पॉवर हाऊसकडे पाहिलं आणि पुढचं वाक्य सांगितलं. ते मराठीत सांगत होते आणि दीना ते तिथल्या तिथे इंग्रजीत करून टाइप करत होती. सरकारी कचेरीत बरीच वर्षं स्टेनोची नोकरी केली की कान आणि बोटं यांच्यामध्ये डोकं नावाचा एक अवयव असतो हे माणूस विसरतो. वाक्य कानात शिरतं, बोटांतून बाहेर पडतं आणि मधल्या वेळात संध्याकाळी भाजी कसली करायची त्याचा विचार करता येतो. म्हणून ‘आमच्या समाजात परक्या जातीच्या बायकांपासून झालेली काही घरं आहेत’ हे तिने सरळ टाइप केलं. ‘त्यांना आम्ही काळे म्हणतो’ हेही केलं. ‘त्यांना आम्ही पिढ्यान्‌पिढ्या वेगळं ठेवत आलो, सिनेगॉगमध्ये मागे बसवत आलो, त्यांच्याशी सोयरीक करत नाही’ इथवर आल्यावर मात्र बोटं थांबली. टाइपरायटर बंद पडताच स्वयंपाकघरातला आवाज एकदम मोठा झाला. मिल्काकाकू खोबरं खवत होत्या. “आणि हाच,” शालोमकाका खिडकीकडे बघतच म्हणाले, “आमच्या शुद्ध वंशाचा सर्वांत मोठा पुरावा आहे. झालं?” दीना म्हणाली, “काका, रिबन फाटली वाटतं.” रिबन धडधाकट होती.

अर्ज होता संयुक्त राष्ट्रसंघाला. पानशेतच्या पुराला वर्ष होऊन गेलं होतं, पण रास्ता पेठेतल्या बेने इस्रायलींच्या घरांत गेले काही महिने पुरापेक्षा याच गोष्टीची चर्चा जास्त होती. हे मराठी बोलणारे यहुदी. कोकणच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांची आपण लेकरं, असं ते सांगत आले होते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत. पुढे पलटणीत, रेल्वेत, इस्पितळांत नोकऱ्या करत ते पुण्यात आले. पुण्याने त्यांना कधी पारशी समजलं, कधी मुसलमान, पण त्रास असा कधी दिला नाही. मग इस्रायल झाला आणि घरटी एकदोन माणसं तिकडे गेली. आणि आता तिकडचे धर्माधिकारी त्यांना म्हणत होते, तुम्ही यहुदी खरे, पण लग्नाची नोंद करायची तर आधी आईची आई, तिची आई, बापाचीही तशीच, अशी जाईल तितकी मागची पिढी दाखवा. तुमच्यात बाहेरचं रक्त मिसळलेलं नाही कशावरून? दीनाचा धाकटा भाऊ बिनयामिन, घरातला बेन्नी, बीरशेबाला सूतगिरणीत होता. रुमानियाहून आलेल्या घरातली एक मुलगी त्याच्याशी लग्न करायला तयार होती, तिच्या घरचेही तयार होते, आणि नोंदणीच्या खिडकीतला माणूस पणजीचं नाव विचारत होता. सिनेगॉगचा कारभार बघणारे मुकादम म्हणून शालोमकाकांनी ठरवलं, गप्प बसायचं नाही. राष्ट्रसंघात अल्पसंख्याकांना भेदभावापासून संरक्षण देणारी एक उपसमिती आहे, तिला कळवायचं. ते लष्करी हॉस्पिटलात कंपाउंडर होते. औषध कुठलं ते ठरलं की बाटली भरायला उशीर करणारा माणूस नव्हे. पहिले सहा परिच्छेद फार चांगले झाले होते. टाइप करताना दीनाला आपल्या माणसांचा अभिमान वाटला होता.

कागद बांधून ती जिन्यात आली तेव्हा काका मागोमाग आले. त्यांच्या लक्षात आलं होतं. “हे बघ,” ते आवाज खाली आणून म्हणाले, “सातव्याचं मनावर घेऊ नकोस. ते तिकडच्या लोकांना समजावं म्हणून आहे. तुमच्या घराचं मी बघतो. बिनयामिनला मी माझ्या सहीने दाखला देतो, आष्टमकर कुटुंब मूळचं गोरं आहे म्हणून. कोण विचारायला येणार आहे इथे? तुझा बाप माझा मित्र होता.” हे सगळं ते इतक्या मायेने म्हणाले की दीनाला रागावणंही जमेना. तिने मान हलवली. ती हो होती की नाही, ते तिलाही कळलं नाही.

केईएम इस्पितळाच्या बाजूने ती घरी निघाली. रविवार असून रस्त्यात गर्दी होती, इस्पितळात माणसं बघायला आलेल्यांची, हातात डबे, थर्मास. गोरे आणि काळे. कातडीचा यात काही संबंध नव्हता, हे बाहेरच्याला सांगून पटलं नसतं. मिल्काकाकू चांगल्या तव्याच्या रंगाच्या होत्या आणि गोऱ्या होत्या. दीना केतकीसारखी उजळ आणि काळी. चार पिढ्यांमागे कोकणातल्या एका घाण्यावर एका पुरुषाने एक विधवा बाई घरात आणली. ती कुठल्या जातीची, कुठल्या गावची, काही कळायला मार्ग नव्हता. घरात फक्त एवढंच सांगत की शुक्रवारचा दिवा तिने जन्मभर एकदाही चुकवला नाही, ती बाकी सगळ्यांपेक्षा कडक सोवळ्याने वागे, आणि शनिवारी तिच्या चुलीतून कुणी धूर निघताना पाहिला नाही. नाव मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. मुलांच्या नावापुढे बापाचं नाव लागतं, त्याच्या नावापुढे त्याच्या बापाचं, आणि ती मधल्या मध्ये गळून पडली. राहिलं ते तिच्यामुळे चिकटलेलं ‘काळे’ एवढंच. बीरशेबाच्या खिडकीतल्या माणसाला नेमकी तीच हवी होती. दीनाच्या मनात आलं की जगात आजवर तिची चौकशी कुणी केली असेल तर या एका माणसानेच, आणि तीही हाकलून द्यायला. तिला अवेळी हसू आलं, आणि समोरून डबा घेऊन येणारी बाई तिच्याकडे टकमक बघत गेली.

सिनेगॉगमध्ये बायका वरच्या गॅलरीत बसत. लहानपणी कठड्याच्या दांड्यांमधून तोंड घालून खालचं बघायचं हा दीनाचा उद्योग. प्रार्थना संपली की खाली एकाने दुसऱ्याच्या हाताला हात लावायचा, मग आपली बोटं ओठांना, मग पुढच्याचा हात. तो हात बाकाबाकाने सरकत दाराजवळच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. तिथे बाबा बसत, आणि त्यांच्या शेजारी हसाजीबाबा, पलटणीतले जुने हवालदार. हात पोचला की बाबा डोळे मिटून बोटं ओठांना लावत, आणि वर बसलेल्या दीनालाही काहीतरी मिळाल्यासारखं वाटे. पण मनुका भिजवून केलेल्या सरबताचा चांदीचा पेला निघाला की तो पुढच्या बाकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर असा येऊन शेवटच्या बाकाच्या आधी वळायचा. परत मुकादमांकडे जायचा. मग सगळ्यांचं पिऊन झालं की कुणीतरी तो मागे आणून द्यायचं. कुणी काही बोलत नसे. कुणी कधी ‘तुम्हांला नाही’ असं म्हटलं नाही. पेल्याची वाटच तशी होती, रस्त्याला वळण असतं तशी. वरून सगळं साफ दिसे. खाली बसलेल्यांना बहुधा दिसतही नसावं. एकदा तिने बाबांना विचारलं, तुम्ही पुढे का नाही बसत? ते म्हणाले, मागे वारा येतो. पावसाळ्यात त्या वाऱ्याने ते खोकत. बाबांचा तिला तेव्हा राग आला होता, आणि तो आज, ते जाऊन इतकी वर्षं झाल्यावर, पुन्हा आला. आता पेल्याचं ते राहिलं नव्हतं. अर्धी माणसं इस्रायलला गेल्यावर बाकच रिकामे होते आणि कुणीही कुठेही बसे. फक्त हसाजीबाबा अजून मागेच बसत. आणि सोयरिकीचं राहिलं होतं. दीनाला स्थळं आली होती, दोन चांगली आली होती. मुलगी शिकलेली, कमावती, दिसायला छान, असं म्हणत ती माणसं चहा पिऊन गेली आणि परत आली नाहीत. तिला ते लागलं होतं, फार लागलं होतं. नोकरीचं कारण पुढे करून तिने तो विषय घरात बंद केला होता. जे इतकी वर्षं कुणी उच्चारलं नव्हतं ते शालोमकाकांनी आज मोठ्याने सांगितलं आणि वर तिच्याच हातून टाइप करवलं, हीच काय ती नवी गोष्ट होती.

आईने सगळं ऐकून घेतलं. ती तांदूळ निवडत होती. “दाखला देतो म्हणाले ना? मग घे,” ती म्हणाली. “आई, खोटा आहे तो.” “कसला खोटा? मी काय पाप केलंय? तू काय केलंयस?” आईने सूप खाली ठेवलं. “तुझे बाबा मागे बसून बसून गेले. तुझं घर झालं नाही. एक पोरगं तरी पुढे बसू दे, दीना. मला त्याची पोरं बघायचीत. मी किती दिवस आहे?” आई चुकीचं काय बोलत होती? दाखला घेतला की बिनयामिनचं लग्न होतं, आष्टमकर गोरे होतात, आणि सातवा परिच्छेद मग आपल्याबद्दल राहतच नाही. उरतात फक्त हसाजीबाबा आणि त्यांच्या दोन मुली, आणि मुंबईकडची, कोकणातली कोण कोण घरं. त्यांना आपण एक ओळ टाइप करून मागे ठेवून पुढे यायचं. बस सुटताना शेवटच्या माणसाने आत शिरून दार ओढून घ्यावं तसं. रात्रभर तिच्या जिभेवर मनुकांची आंबटगोड चव येत राहिली आणि सकाळी उठल्यावरही गेली नाही.

सेंट्रल बिल्डिंगमधल्या कचेरीत तिच्या शेजारच्या टेबलावर वासंती बसे, सदाशिव पेठेतली. दोघी डबा एकत्र खात. दीना मांस आणत नसे आणि वासंती डब्यात काय आहे याची चौकशी करत नसे. हा त्यांचा समजूतदारपणा. सोमवारी डबा खाताना दीनाने तिला सगळं सांगून टाकलं. असं ती कधी करत नसे. वासंतीने पोळीचा घास तसाच हातात धरून ऐकलं. मग म्हणाली, “तुमच्यातसुद्धा आहे का हे? अरे वा. मला वाटलं ही आमचीच मक्तेदारी.” दीना हसली. वासंती मात्र हसत नव्हती. “म्हणजे बघ हं,” ती म्हणाली, “तुमचे काका त्यांना सांगतायत, आम्हांला मागे बसवू नका, कारण आम्हीसुद्धा माणसांना मागे बसवतो. न्यूयॉर्कमध्ये वाचणाऱ्याला वाटेल, यांचं आपापसांत उत्तम जमेल, आपण कशाला मध्ये पडा.” तिने घास तोंडात घातला. “आणि उपयोग काय म्हणतेस? आमचे वकीलमामा मागे एकदा सांगत होते. तिथे अर्ज पोचला की पोच येते. बाकी काही येत नाही. त्यांना अधिकारच नाही म्हणे कुणाला काही सांगायचा.” हे दीनालाही ठाऊक होतं. शालोमकाकांना तिने ते सांगितलं नव्हतं, त्यांच्या उत्साहावर पाणी पडलं असतं.

दुपारी काम कमी होतं. कचेरीच्या लायब्ररीत मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याची एक पातळ प्रत होती. पहिल्या परिच्छेदासाठी तिने तिच्यातूनच उतारा घेतला होता. तीच तिने पुन्हा काढली. वंश, रंग, लिंग, भाषा, धर्म, अशी कलमात एक लांबलचक रांग होती, कशाकशावरून फरक करायचा नाही त्याची. पहिल्या वेळी ती घाईघाईने टाइप करून गेली होती. आज रांगेच्या टोकाला ‘जन्म’ हा शब्द दिसला. जन्म. म्हणजे आई कोण, तिची आई कोण, घाण्यावर आणलेली बाई कोण. ही कलमं लिहिणाऱ्यांना आष्टमकरांचं घर माहीत असायचं कारण नव्हतं. तरी कुठेतरी एका टेबलाभोवती बसून कुणीतरी म्हणालं असणार, की हाही शब्द घाला, राहायला नको. त्या न पाहिलेल्या माणसाबद्दल तिला एकदम भरून आलं. तिला वाटलं, पोच तर पोच. पोच आली म्हणजे निदान ते तिथे वाचलं गेलं. आणि तिथे जे वाचलं जाईल त्यात माझ्या हातचं असं वाक्य असता कामा नये. हे एवढं सरळ होतं, आणि कालपासून ती त्याच्याभोवती घिरट्या घालत होती. मग बिनयामिन आठवला. आगगाडीच्या खिडकीतून हात हलवणारा, स्वेटर विसरून गेलेला. आपण आपला ताठा जपतोय आणि किंमत तो देणार, असं तिला वाटलं. पण दाखल्याच्या जोरावर झालेल्या त्या लग्नात त्याला रोज पुढच्या बाकावर बसून मागे वळून न बघता राहावं लागेल, मुलांना सांगताना एक पिढी गाळावी लागेल. बाबांनी वाऱ्याचं कारण सांगितलं होतं, तोही काहीतरी सांगेल. नको. तिने कागद यंत्रात घातला आणि अर्ज पहिल्यापासून टाइप केला. सातव्या परिच्छेदात लिहिलं: आमच्यापैकी कुणाची पणजी कोण होती हे विचारण्याचा अधिकार आम्ही कुणालाही मान्य करत नाही, आमच्या स्वतःच्या समाजालाही नाही. टाइप करताना बोटं जराही अडखळली नाहीत.

संध्याकाळी शालोमकाका खिडकीशीच होते. त्यांनी कागद वाचले; सहाव्यापर्यंत मान डोलावत, सातव्यावर आल्यावर मान थांबली. बराच वेळ त्यांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. “हे मी सांगितलं नव्हतं,” ते म्हणाले. “नाही. मी लिहिलंय.” “आणि हे शेवटचं? समाजालाही नाही? त्यांच्यापुढे आपली धुणी कशाला धुतेस?” “तुम्ही काल धुतलीत, काका. मी वाळत घातली.” मिल्काकाकू दारात येऊन उभ्या राहिल्या. काकांचा चेहरा उतरला; ते वाईट माणूस नव्हते, हेच तर अवघड होतं. “तो पुरावा आहे, दीना. तिकडचे लोक रक्त बघतात. आपण ते जपलं हे दाखवायला दुसरं काय आहे आपल्याकडे?” “हसाजीबाबा आहेत. त्यांना बोलवा, तो परिच्छेद त्यांना वाचून दाखवा, आणि त्यांची सही घ्या. ते म्हणाले ठेवा तर मी ठेवते.” हसाजीबाबांना इंग्रजी येत नव्हतं आणि मुकादमांच्या नुसत्या शब्दावर ते सहीला सर्वांत आधी येऊन उभे राहिले असते, हे खोलीतल्या तिघांनाही ठाऊक होतं.

“समजा, मी जुनाच ठेवला,” काका शेवटी म्हणाले. “टायपिस्ट दुसरा मिळेल.” दीनाचे कान तापले, पण आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा सरळ निघाला. “मिळेल ना. मग मी दुसरा अर्ज टाइप करीन. पत्ता तोच. एकाच टपालाने जातील, एक त्यांच्याबद्दल आणि एक आपल्याबद्दल. दोन्हींची पोच येईल.” “आपल्याच माणसांविरुद्ध?” “मी आपली आहे की नाही तेच तर विचारायचंय त्यांना.” मिल्काकाकू म्हणाल्या, “अहो, ते जुनं खोडा.” इतक्या वर्षांत मुकादमांच्या कामात त्या बोललेल्या दीनाने ऐकल्या नव्हत्या. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग नव्या कागदाखाली सही केली. सही करताना ते म्हातारे दिसले, आणि दीनाला वाईट वाटलं. पण कागद तिने लगेच उचलून घेतला.

मग त्यांनी टेबलाच्या खणातून दुसरा कागद काढला. मराठीत, त्यांच्या वळणदार अक्षरात, सिनेगॉगचा शिक्का मारलेला. “तू काहीही म्हण, हा मी कालच लिहून ठेवला होता. बिनयामिनला पाठव. त्याचं अडू देऊ नकोस.” दीनाने वाचला. आष्टमकर कुटुंब पूर्वापार गोऱ्या बेने इस्रायलींपैकी असून त्यांच्यात बाहेरचा संबंध आलेला नाही. हातात धरलेला तो कागद हलका होता. तो पर्समध्ये घालायला किती वेळ लागला असता? आई सूप खाली ठेवून उठली असती. दीनाने तो त्यांच्यापुढे ठेवला. “हे नको. एवढंच लिहून द्या की हे कुटुंब आमचं आहे. बाकी काही नाही.” “असा दाखला तिथे चालणार नाही, मुली.” “चालत नाही म्हणूनच तर अर्ज करतोय ना आपण?”

काकांनी टोपण काढलं, परत लावलं, परत काढलं. मग कोरा कागद घेऊन त्यांनी ते एक वाक्य लिहिलं आणि शिक्का मारला. तो दाखला घेऊन ती घरी आली. आईने हात पुसून घेतला, चष्मा लावून वाचला, उलटून मागेही पाहिलं. “गोरे कुठे लिहिलंय यात?” “नाही लिहिलं.” आई खुर्चीवर बसली. तिने तो कागद मांडीवर ठेवून पुन्हा वाचला, या वेळी ओठ हलवत, प्रत्येक शब्दावर थांबत. दीना ओरडण्याची, रडण्याची वाट बघत उभी होती; दोन्हींसाठी तिची तयारी होती. “हे कुटुंब आमचं आहे,” आई म्हणाली. “शालोमने लिहिलं? स्वतःच्या हाताने?” “हो.” “तुझ्या बाबांना कधी म्हणाला नाही.” आईच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पुसलं नाही. मग तिने कागदाची नीट घडी घातली. “बेन्नीला काय लिहिशील?” दीना म्हणाली, “लग्न लांबेल म्हणून. आणि तिथे आपली माणसं उपोषणाला बसणार आहेत म्हणे, त्यांच्यात जाऊन बस म्हणून.” आई म्हणाली, “उपाशी बसू नको म्हणून लिही. पण बस म्हणून लिही.”